पाचवा हिरा

३ मार्च, सोमवार

वन्सं,

कागद परवा मिळाला. पाकिटात तेवढा कागदच होता, सोबत दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. ठीक आहे. मागताना मी तरी काय मोठं गोड लिहिलं होतं? “आईंचा ओवणीचा कागद तुमच्याकडे असल्यास पाठवावा.” त्यापेक्षा सरकारी नोटीस बरी. साडेअकरा वर्षांनी कुणी आपल्या नणंदेला असं लिहितं का? मी लिहिलं.

आज मात्र पोच द्यायला लिहीत नाहीये. आज दुपारी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला एका जागी बसवत नाही, आणि सांगितलं तर कळेल असं तुमच्याखेरीज कुणी उरलेलं नाही.

आईंची ती बारा फडकी मी पुन्हा विणायला घेतली. जूनमध्ये मी विणकामाचा वर्ग सोडतेय, गुडघे आता मागाच्या पायपट्ट्या दाबू देत नाहीत. जाण्याआधी भिंतीवर एक अख्खा संच लावून जावं असं मनात घेतलं. एक ताणा, बारा टॉवेल, बाराही वेगळे. नव्या बायकांना आई पहिल्या दिवशी जे सांगायच्या तेच मीही सांगत आले, की ताण्याची सुतं एकदा ओवली की त्यांना हात लावायचा नाही, बदलायचे ते फक्त पाय. पाय बदलले की त्याच सुतांतून कधी तिरप्या रेघा निघतात, कधी नागमोडी, कधी हिरे. ताटं पुसायच्या फडक्यांचे इतके लाड कशाला, असं तुमचे दादा तेव्हाही विचारायचे, अजूनही विचारतात.

शनिवार-रविवार बसून कागदावरच्या आकड्यांप्रमाणे एकटीने ओवलं. मागे बसून सूत हातात द्यायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मागून सूत काढायचं, मीच पुढे येऊन आकडीने चौकटीच्या दोरीतल्या डोळ्यातून ओढायचं. कंबरेचे तुकडे पडले. आज सकाळी सगळं फणीतून ओढून बांधलं आणि हिऱ्यांच्या नक्षीने सुरुवात केली. चार बोटं विणून झाल्यावर चष्मा पुसून खाली वाकले.

वन्सं, पाचव्या हिऱ्याचं टोक चपटं आहे. बाकी आठ हिरे टोकदार, तो एकच चपटा. चार नंबरच्या चौकटीतून जिथे एकच सूत जायला हवं तिथे शेजारीशेजारी दोन गेलीत. तिथून एक जाड रेघ सरळ वर चाललीय.

तीच चूक. त्याच जागी. आईंच्या बाराही टॉवेलांतून जी रेघ गेली होती, जिचं खापर आपण सगळ्यांनी तुमच्यावर फोडलं, तीच. मी पेटीतून जुना टॉवेल काढून शेजारी धरला, आणि दोन्ही रेघांवर बोट ठेवलं.

आता मला सांगा, तुम्ही इथे नाही. गेली अकरा वर्षं या घराचा उंबरा तुम्ही ओलांडलेला नाही. मग ही चूक केली कुणी?

कागदातच काहीतरी घोळ असणार. आईंची नजर तेव्हा अधू झाली होती, लिहिताना आकडा चुकला असेल. मी उद्या नीट तपासते.

वहिनी


५ मार्च, बुधवार

वन्सं,

कागद चुकलेला नाही. एकेक आकडा बोटाखाली घेऊन तीनदा तपासला.

तुम्हाला कागद तोंडपाठ, पण तरी सांगते. आईंनी एका ओळीत एक हिरा असा हिशेब ठेवला होता. ओळ संपली की ओवलेल्या सुतांची गाठ मारायची, मोजायची, मग पुढची ओळ. पाचव्या ओळीला मात्र कागदाची जागा पुरलेली नाही. हिऱ्याचं टोक, म्हणजे चारचा आकडा, अगदी काठाला टेकलाय, आणि उरलेला हिरा खालच्या ओळीवर तीनपासून सुरू होतो. एवढंच. चूक काही नाही.

आता काल काय झालं ते ऐका. तुमचे दादा घड्याळ उघडून बसले होते, एका डोळ्याला भिंग, आणि मी त्यांना रोजच्यासारखं वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. मध्येच म्हणतात, मारलीस गाठ. मी म्हटलं, कसली गाठ? तर म्हणे, लग्न झाल्यापासून ऐकतोय, ओळ बदलली की तू मागच्या ओळीचा शेवटचा शब्द पुन्हा म्हणतेस. “मंत्र्यांनी सांगितले, सांगितले की.” ही माझी जुनी खोड आहे, तुम्हीही यावरून मला कितीदा चिडवलंय. मी नेहमीप्रमाणे काहीतरी ऐकवायला तोंड उघडलं आणि मोडलेली पाचवी ओळ डोळ्यांपुढे आली.

वर्तमानपत्र टाकलं, आतून ओवणीचा कागद आणला आणि पाचवी ओळ मोठ्याने वाचली. एक, दोन, तीन, चार. बोट खालच्या ओळीवर गेलं आणि मी म्हणाले, चार, तीन, दोन, एक.

माझ्या कानांनी ऐकलं. चार दोनदा.

कागद हातात धरून मी खाली बसले. तुमच्या दादांनी भिंग काढलं आणि विचारलं, बरं वाटत नाही का? मी सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, हे आता उडतील. माणूस जागचा हलला नाही. म्हणाले, “मला वाटलं तुला ठाऊक आहे.”

म्हणजे काय, मी विचारलं. तर म्हणाले, त्या दिवशी आईची चौकशी करायला मी खोलीत डोकावलो तेव्हा मागाच्या पुढे तू बसली होतीस, मांडीवर कागद घेऊन. धाकटीला कागद कधी लागला होता?

मग अकरा वर्षं मूग गिळून का बसलात? यावर उत्तर काय, तर “मला वाटलं, तुमचं दोघींचं काहीतरी ठरलंय.” आणि पुन्हा डोळ्याला भिंग. वन्सं, या माणसाबरोबर मी छत्तीस वर्षं संसार केला. काल मला त्यांचं तोंडही ओळखू येईना.

हो, मी अर्धा तास तुमच्या जागी बसले होते. ते मी कधी नाकारलेलं नाही. पण नेमका कुठला हिरा मी ओवला हे इतक्या वर्षांनी कुणाला सांगता येईल?

वहिनी


९ मार्च, रविवार

वन्सं,

मागच्या पत्राचा शेवट खोटा आहे. तो फाडून टाका, किंवा ठेवा. तुमची मर्जी.

कुठला हिरा ते मला पक्कं सांगता येतं. आईंना ताप होता, त्या त्याच खोलीत खाटेवर झोपल्या होत्या. आपल्या घरची रीत काय, तर पुढे बसणारीने आकडा मोठ्याने म्हणायचा, मागून सूत देणारीने तोच परत म्हणायचा, मगच सूत ओढायचं. त्या दिवशी आईंची झोप मोडू नये म्हणून आपण कुजबुजत होतो. पुढे तुम्ही, मागे मी. चौथ्या हिऱ्याची गाठ तुम्ही मारलीत आणि आई जाग्या झाल्या. त्यांना उठवायचं, कपडे बदलायचे, म्हणून तुम्ही त्यांना घेऊन न्हाणीत गेलात. घाई होती, परवा माग सुरू करायचा होता. मी पुढे येऊन बसले. मला पाठ नव्हतं, कागद मांडीवर घेतला. परत म्हणायला मागे कुणी नव्हतं. ओळ मध्येच मोडलेली बघून मी आईंच्या नावाने पुटपुटलेसुद्धा, की एवढा मोठा कागद आणि यांना जागा पुरत नाही. म्हणून तर लक्षात आहे. तो पाचवा होता. तुम्ही परत आलात तेव्हा सहावा लागला होता.

आणि कापड मागावरून उतरवलं त्या दिवशी, वर्ग चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई आणि वर्गातल्या सगळ्या बायका टेबलाभोवती उभ्या असताना मी काय म्हणाले? मी म्हणाले, “पाचवा वन्संनी ओवला. मी सहाव्याला बसले.”

तोंड वर करून म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मान खाली घातलीत. मला आजवर वाटत आलंय, तुम्हाला सगळं कळलं होतं आणि चारचौघांत माझी शोभा नको म्हणून तुम्ही गप्प राहिलात. त्या गप्प राहण्याचा मला किती राग आला होता, सांगू? भांडला असतात तर मीही भांडले असते.

आईंनी कापडावरून बोट फिरवलं आणि त्या म्हणाल्या होत्या, ही घाईची चूक नाही, ही सवयीची चूक आहे. ते वाक्य मी तुमच्यावर वापरलं. ऐकलंत ना सगळ्यांनी, सवयीची चूक आहे म्हणे. आज तेच वाक्य माझ्या डोक्यात वाजतंय आणि बंद होत नाहीये.

आणखी एक आहे. तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कुणी कळवलं नसेल. वर्गात आईंनी बांधलेली चुकांची दोरी आठवते ना? ज्याची चूक, त्याने ते कापड स्वतःच्या हाताने दोरीला लावायचं आणि खाली स्वतःच चिठ्ठी लिहायची. दुसऱ्याची चिठ्ठी कुणी लिहायची नाही, हा नियम. त्या दोरीवर आईंच्याही चार चिठ्ठ्या आहेत.

त्या बारांतला एक टॉवेल मी दोरीला लावला. चिठ्ठी मी लिहिली. “ओवणीची चूक. धाकट्या बाई.” दरवर्षी नवा वर्ग आला की मी छडी घेऊन तिथे उभी राहते आणि सांगते, पायांची चूक एका जागी थांबते, ओवणीची चूक बाराही टॉवेलांतून जाते, नक्षी कितीही बदला. बायका चिठ्ठी वाचतात आणि विचारतात, या धाकट्या बाई कोण? मी सांगते, होत्या एक. अकरा वर्गांना सांगितलं मी हे. वन्सं, काल मी त्या दोरीसमोर गेले आणि माझंच अक्षर पुन्हा वाचलं.

वहिनी


१४ मार्च, शुक्रवार

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. मी वाट बघत नाहीये, असं लिहिणार होते, पण दारात टपालवाल्याची सायकल वाजली की गुडघे विसरून उठते.

अजून एक गोष्ट राहिलीय. मागच्या पत्रात सगळं ओकून मोकळी झाले असं मला वाटलं होतं. दोन दिवस झोपही लागली. मग काल वर्गातल्या नर्सबाईंनी विचारलं, त्या पन्नाशीच्या आहेत, दवाखान्यातून निवृत्त झाल्या, आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचं मूळ लागतं. दोरीवरच्या त्या टॉवेलाकडे बघत म्हणाल्या, बाई, ही रेघ पहिल्या चार बोटांतच दिसली असणार. मग बाराही टॉवेल विणून होईपर्यंत कुणी बघितलं कसं नाही?

काहीतरी बोलून त्यांना मागावर बसवलं.

आईंना दिसत नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्या बोटांनी विणायच्या. तुम्ही सकाळपासून वर्गावर. विणलेलं कापड तर रुळावर गुंडाळत जातं, पहिला टॉवेल आत, त्यावर दुसरा, सगळं उतरवेपर्यंत कुणाला दिसत नाही. घरात आईंजवळ मी होते. आडव्या सुताच्या कांड्या भरून द्यायला, धागा तुटला तर जोडायला.

मला पहिल्याच टॉवेलात दिसली होती, वन्सं.

पहिल्याच दिवशी. तेव्हा चार बोटंच विणून झालं होतं. मी तेव्हाच बोलले असते तर एका दिवसाचं काम होतं, पाचव्यापासून पुढचं उसवायचं आणि पुन्हा ओवायचं. मी बोलले नाही. म्हटलं, आईंना बरं नाही, कशाला त्रास. म्हटलं, फडकीच तर आहेत, कोण बघतंय. हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आई सगळ्यांना सांगत होत्या की हा संच भिंतीवर लागला की वर्ग धाकटीच्या ताब्यात. सून म्हणून मी पंचवीस वर्षं त्या घरात कांड्या भरल्या आणि वर्ग तुमचा होणार. चूक माझी आहे हे बोलले तर उरलंसुरलं नावही जाणार. म्हणून गप्प बसले. तुमच्यावर ढकलायचं असं तेव्हा ठरवलं नव्हतं. ते टेबलाभोवती सगळे उभे राहिले तेव्हा ठरलं, एका क्षणात. अध्यक्षबाईंनी विचारलं, ही कुणाची? आणि माझ्या तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं. वर्ग मला हवा होता. मिळालाही.

सहाव्या टॉवेलाला आई थांबल्या होत्या. नागमोडी चालली होती. कापडावर तळवा ठेवून म्हणाल्या, “इथे काहीतरी खुपतंय गं, बघ जरा.” मी वाकून बघितलं. माझ्या समोर ती रेघ होती, बोटाएवढी स्पष्ट. मी म्हटलं, गाठ आहे आई, सुताचीच गाठ आहे. त्या बरं म्हणाल्या आणि पाय पुन्हा चालवायला लागल्या. त्यांचे पाय सुजले होते. आणखी सहा टॉवेल त्यांनी त्या पायांनी विणले, आणि मी शेजारी बसून कांड्या भरत होते.

हे मी कधीच विसरले नव्हते. मी त्याच्याकडे बघत नव्हते, एवढंच. काल पहिल्यांदा बघितलं, आणि मी असं केलं यावर माझा अजून विश्वास बसत नाहीये. मी तापट आहे, तोंडाळ आहे, हे सगळं मला मान्य होतं. ही बाई मला माहीत नव्हती.

वहिनी


२२ मार्च, शनिवार

वन्सं,

आज वर्गात सांगितलं. सगळं, पहिल्या टॉवेलासकट.

आधी अध्यक्षबाईंकडे गेले होते. त्या आता ऐंशीच्या आहेत, पण डोकं लखलखीत. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळवणार? तुम्ही जूनमध्ये चाललाच आहात, तीन महिने नीट काढा. मी म्हटलं, मग ती चिठ्ठी तशीच राहील. त्यांनी काठी हातात घेतली, मग म्हणाल्या, चला, मीही येते. त्या दिवशी मीही त्या टेबलाशी उभी होते.

उरलेले अकरा टॉवेल पेटीतून काढून दोरीला लावले. बारावा आधीच होता. एका रांगेत बाराही लागल्यावर बायका उभ्याच राहिल्या. वन्सं, ते सुंदर आहेत. साडेअकरा वर्षं मी ते घडी घालून ठेवले आणि एकदाही सगळे एकत्र बघितले नाहीत. एकच ताणा, आणि बारा फडकी एकमेकांना ओळखही देत नाहीत. फक्त ती रेघ सगळ्यांतून जाते.

मी बोलले. उभी राहून बोलायचं ठरवलं होतं, पण मध्येच खाली बसावं लागलं. नर्सबाई पाणी घेऊन आल्या आणि माझी नाडी धरून बसल्या, सवयच ती. शेवटी मी खाली चिठ्ठी लिहिली. “ओवणीची चूक, आणि दिसूनही न सांगितल्याची. मोठ्या बाई.” जुनी चिठ्ठी फाडणार होते, पण हात लावायचा मला अधिकार नाही असं वाटलं. ती अजून तिथेच आहे, माझ्या चिठ्ठीच्या शेजारी.

अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, जूननंतर वर्ग कुणाला द्यायचा? मी म्हटलं, ज्यांचा होता त्यांना. त्या म्हणाल्या, त्या येतील का? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. इथून ज्या बाईने घालवलं तिने बोलावलं तर कशाला येतील.

मी क्षमा मागते. हे वाक्य याआधीच्या चारही पत्रांत लिहून खोडलंय, आज खोडत नाही. तुम्ही सगळं ओळखून गप्प राहिलात, घराची अब्रू झाकलीत. एवढं मोठं मन माझ्याकडे असतं तर ही पत्रं लिहायची वेळ आली नसती.

माग तसाच आहे. चार बोटं विणलेलं, पाचवा हिरा चपटा. मला पुढे विणवत नाही आणि कापवतही नाही.

वहिनी


२७ मार्च, गुरुवार

वहिनी,

पाचही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी दोन दिवस कामावर गेले नाही. पुढची उघडायची हिंमत नव्हती, ती काल एका बैठकीत वाचली.

तुम्ही लिहिलंय, मी ओळखून गप्प राहिले. माझं मन मोठं. वहिनी, माझं मन काही मोठं नाही. मला माहीतच नव्हतं.

तुम्ही म्हणालात पाचवा माझा. मी आठवून बघितलं, आईला न्हाणीत नेलं ते चौथ्यानंतर की पाचव्यानंतर, मला काही आठवेना. मग म्हटलं, वहिनी कशाला खोटं बोलतील? असणार माझाच. म्हणून मान खाली घातली. लाज वाटली म्हणून घातली. आणि आई म्हणाली, सवयीची चूक आहे. तेव्हा मला पटलं की माझ्या हातात एक खोट आहे आणि ती मला स्वतःला दिसत नाही. जी चूक आपल्याला दिसत नाही ती पुन्हा होणारच. म्हणून मी माग सोडला. तुमच्यावर रागावून नाही सोडला. हातांना घाबरून सोडला.

कागद मी का नेला, माहीत आहे? चूक शोधायला. सुरुवातीला रोज म्हणून बघायचे, कुठे घसरते ते कळावं म्हणून. कधीच घसरले नाही. तरी हातांवर विश्वास बसला नाही.

मी इथे एका हॉटेलच्या धुलाईखान्यात टॉवेलांच्या घड्या घालते. दिवसभर पांढरे, सगळे एकसारखे. घडी घालताना अंगठा कापडावरून फिरवते, रेघ लागते का बघायला. मालकीणबाई हसतात. एकदा त्यांनी विचारलं, तुम्हाला विणकाम येतं का हो? मी सांगितलं, नाही. मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचं बटण तुटलं तर ते मी शेजारणीकडून लावून घ्यायचे. स्वतःच्या मुलीचं बटण, वहिनी.

तुमचं पहिलं पत्र वाचल्यावर मी सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. मग मी खूप रडले. मग तुमचा इतका राग आला की सुई हातात तशीच धरून बसले.

माफीचं मला आत्ता काही सांगता येत नाही. विचारू नका. दादालाही सांगा, मी आले की भिंग लावून बसू नकोस.

सोमवारी सकाळच्या गाडीने येते. वर्गाचं नंतर बघू, आधी हात चालतात का ते बघायचं आहे. जुनी चिठ्ठी कुणी काढू नका, ती मी काढीन. ताणा कापू नका. पाचव्यापासून पुढचं सगळं उसवायचं आणि पुन्हा ओवायचं. पुढे तुम्ही बसा, कागद घेऊन. मागून सूत मी देईन. आकडे मात्र मोठ्याने म्हणायचे, गल्लीत ऐकू गेले तरी चालतील. तुम्ही चार दोनदा म्हणालात की मी तिथेच थांबवीन.

धाकटी